परबकाकांची वस्तू

सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून मी व्हॉट्सअॅप ग्रुपवर बऱ्याच चुका केल्या आहेत. कुणाच्या तरी तेराव्याच्या निरोपाखाली मी हसरा चेहरा टाकला होता, तो किस्सा मुलुंडमध्ये अजून सांगितला जातो. पण त्या सगळ्यांवर कडी केली ती गळतीच्या फोटोने.

तिसऱ्या मजल्यावरच्या परबकाकांच्या स्वयंपाकघराचं छत वरच्या फ्लॅटमुळे ओलं झालं होतं. मी गेलो, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला : 'वरच्यांनी कृपया लक्ष द्यावे.' वरच्यांनी लक्ष दिलं नाही. दिलं ते पहिल्या मजल्यावरच्या मेहतांनी. 'वो कुकर पे लाल लाल क्या है?'

मी बघितलं. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात गॅसवर कुकर होता आणि त्याच्या झाकणावर तीन छोट्या लाल झेंड्या उभ्या होत्या. मला काय उत्साह आला कोण जाणे. मी लिहून टाकलं : 'शिट्ट्या मोजायचं यंत्र! आपल्या परबकाकांचा शोध! शिट्टी उडाली की तिच्यावरची तार उचलली जाते, खालचं दातेरी चाक एक घर पुढे सरकतं आणि एक झेंडी वर येते. झकास ना?'

मेहतांचं उत्तर लगेच आलं. 'मस्त चीज़ है भाई। मेरे साले की बर्तन की फैक्टरी है। भेजूँ क्या उसको?'

ते वाचलं आणि मी घाबरलो. घाईघाईने सगळं डिलीट केलं. ते फक्त माझ्याच फोनवरून डिलीट झालं होतं, हे मला बायकोने, म्हणजे सुनीताने, संध्याकाळी सांगितलं. चौसष्ट जण ते बघत होते. दिसत नव्हतं ते फक्त मला.

घाबरायचं कारण कळायला परबकाका माहीत हवेत. काका भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण शर्टाच्या खिशात अजून छोटा स्क्रूड्रायव्हर असतो. त्यांच्या घरी गेलं की पहिल्यांदा ते तुमचा फोन मागतात आणि पिठाच्या डब्यात ठेवून झाकण लावतात. "आतून ऐकू जात नाय," म्हणतात. बाहेर पडताना कानाला ज्वारीचं पीठ लागतं, ते वेगळं. गळतीच्या दिवशी फोटो काढायचा म्हणून माझा फोन तेवढा सुटला होता, आणि त्याने काय केलं ते तुम्ही पाहिलंच.

त्या शोधाला काका शोध म्हणत नाहीत. 'वस्तू' म्हणतात. "ती वस्तू," आवाज खाली आणून. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी, "कोणाक सांगू नको हां." वस्तूचे सुटे भाग आणायला ते मुलुंडमध्ये जात नाहीत. स्प्रिंग कुर्ल्याहून आणतात, पत्रा घाटकोपरहून, आणि दातेरी चाक बिघडलेल्या घड्याळातून काढतात. "एका दुकानदाराक सगळं दिसता कामा नये. जोडून बघतात मेले."

पेटंट घ्यावं की नाही, यावर ते वर्षभर विचार करत होते. मी घाई केली की म्हणायचे, "अरे सेक्रेटरी, घेतलं तर सगळं लिहून द्यायचं, कसं चालतं, कशाने चालतं. नाय घेतलं तर कोणीपण उचलतो. मग माणसाने करायचं काय?" मी आपला मान हलवायचो. मी विम्याच्या कचेरीत काम करतो. मला एवढंच ठाऊक की काहीही होण्याआधी फॉर्म भरावा.

आत काकू असायच्या. हसऱ्या, गोऱ्या, ठेंगण्या. मी "नको काकू, निघालोच" म्हणालो की दुसरा कप यायचा. इतका आग्रह आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कुणी करत नाही.

तर, मला जाऊन कबुली द्यायची होती. दोन मजले मी जिन्याने चढलो, कारण लिफ्ट लवकर पोचते. दारात मी स्वतःहून फोन पिठात ठेवला. मग सगळं एका दमात सांगितलं. मेहतांचा साला सांगताना माझा आवाज फाटला.

काका खुर्चीत बसले. चेहरा पांढरा पडला होता. मी मनातल्या मनात सेक्रेटरीपदाचा राजीनामा लिहायला घेतला.

"किती जणांनी बघितलं?"

"चौसष्ट."

"वस्तू कशासाठी आहे, ते लिवलंस?"

"शिट्ट्या मोजायला, असं लिहिलं."

"कोण मोजतंय, ते?"

"नाही. तेवढंच."

त्यांनी श्वास सोडला. मला वाटलं, फिटर माणूस, नुकसान किती झालं त्याचा अंदाज घेतोय. "चल," ते म्हणाले, "तुझ्या त्या एजंटबाईकडे. आता पेटंटशिवाय गती नाय."

माझ्या ओळखीतल्या एक बाई घाटकोपरला पेटंटचे अर्ज करून देतात. आम्ही रिक्षाने गेलो. वाटेत मी तोंड उघडलं की काका रिक्षावाल्याच्या मानेकडे बोट दाखवायचे. हातात पिशवी, पिशवीत टॉवेल, टॉवेलात वस्तू. गतिरोधक आला की ते पिशवी बाळासारखी उचलायचे.

बाई चटपटीत होत्या. वस्तू उलटीसुलटी करून पाहिली, बोटाने तार उचलली. टक्कन झेंडी उभी राहिली. "वा, काका!" त्या म्हणाल्या. काकांनी ग्रुपवरच्या फोटोचं सांगितलं, तशा माझ्याकडे वळल्या. "आणि हे महाभाग तुम्हीच का? अर्ज करायच्या आधी जगजाहीर केलं की नवेपणावरच प्रश्न येतो, कळतं का तुम्हाला?"

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो.

"पण यांना न विचारता बाहेर गेलंय, त्याला कायद्यात थोडी वाट आहे. फक्त आता वेळ घालवू नका. या आठवड्यातच अर्ज टाकू."

काकांनी विचारलं, "पेटंट मिळालं की कोणाक बनवता येणार नाय ना?"

"असं नाही हो. कुणी बनवलं तर त्याच्यावर कोर्टात जायचा हक्क तुम्हाला मिळतो. जायचं तुम्ही, वकील तुमचा, वर्षं तुमची. समोर कंपनी असली तर तिला घाई नसते. खरं सांगू? एकट्या माणसाने ते विकायला काढायचं असेल, किंवा कुणाला हक्क द्यायचे असतील, तर पेटंट घेण्यात अर्थ आहे. नुसतं कपाटात ठेवायला घेऊ नये."

"आणि गुपित राहील?"

बाई हसल्या. "काका, पेटंट म्हणजे गुपिताच्या उलट. तुम्ही सगळं सांगायचं, त्या बदल्यात सरकार काही वर्षं हक्क देतं. दीड वर्षाने अर्ज प्रसिद्ध होतो. कुणीही वाचू शकतं." त्यांनी वही उघडली. "सुरुवातीलाच लिहावं लागतं, अडचण काय होती. तर सांगा. शिट्ट्या तर ऐकू येतातच. मग झेंडी कशाला हवी? कुणाला हवी?"

काकांनी वस्तू उचलली, टॉवेलात गुंडाळली, पिशवीत ठेवली.

"विचार करून कळवतो," म्हणून ते बाहेर पडले.

खाली चहाच्या टपरीवर मी त्यांना गाठलं. "काका, माझी चूक आहे, कबूल. पण बाई म्हणतायत ना, वाट आहे. एक ओळ तर लिहायची. मी लिहितो हवं तर."

"तू आता काय लिवू नको," ते म्हणाले. ते बरोबरच होतं.

मग त्यांनी चहावाला लांब जाईपर्यंत थांबून, ग्लासात बघत सांगितलं. "तिला ऐकू येत नाय रे."

मला कळेना, कोणाला.

"तुझ्या काकूक. दोन वर्षं झाली. एका कानाने आधीच कमी होतं, आता दुसरा पण गेला. तीनदा डाळ करपून कोळसा झाली. तिसऱ्या वेळी कुकरसमोर खाली बसली आणि म्हणाली, आता माझ्याशी कोण बोलायला येणार नाय. कानातलं मशीन आणलं, तर घालत नाय. दिसतं म्हणते. माझ्याकडून वचन घेतलंन, कोणाक कळता कामा नये."

"म्हणून वस्तू?"

"म्हणून वस्तू."

"मग पेटंट कशाला हवं होतं?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं मी त्यांना पाना म्हणजे काय ते विचारलं होतं. "दुसऱ्या कोणी बनवली तर डब्यावर काय छापणार? बहिऱ्यांसाठी कुकर! टीव्हीवर जाहिरात लागणार. आमच्या बिल्डिंगमधली बाई ती बघणार आणि म्हणणार, अगो, ही तर परबीणीकडे आहे. ते थांबवायचं होतं. थांबवायचा हक्क पाहिजे होता. तर ही बाई म्हणते, पहिलं तूच लिवून दे."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मेहतांचा साला डोळ्यांपुढे आला, त्याचा कारखाना, त्यातून रांगेने बाहेर पडणारे खोके, प्रत्येक खोक्यावर एका बाईचं चित्र, आणि ते सगळं माझ्या अंगठ्यामुळे.

"नाय घ्यायचं पेटंट," काका म्हणाले. "बनवू देत कोणाक बनवायचं ते. पण माझ्या अक्षरात ते असणार नाय." आणि मग, सवयीने नव्हे, पहिल्यांदाच विनवणीने, "कोणाक सांगू नको हां."

मी वचन दिलं. घरी येऊन दहा मिनिटांत ते मोडलं. तेवढं मोठं ओझं माझ्यासारख्या माणसाला पेलत नाही. सुनीता भाजी निवडत होती. मी दार लावून, हळू आवाजात सगळं सांगितलं आणि म्हणालो, "जन्मात कुणाला बोलू नकोस. काकूंना कळलं तर त्या खचतील."

तिने गवारीची शेंग मोडली.

"आम्हा सगळ्या बायकांना माहीत आहे हो, पहिल्यापासून. काकूंच्या समोर उभं राहून, तोंड दिसेल असं बोलतो, झालं. आणि आम्हाला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. परवा मीच विचारलं, मग आम्हाला माहीत आहे हे काकांना सांगून टाका ना, एवढं जिवाला लावून घेतायत. तर म्हणाल्या, नको गो, कारखाना सुटल्यापासून नुसते भिंतीकडे बघत बसायचे, आता निदान माझी राखण करतायत."