काच वजा

आमच्या वाडीत कुणाकडे माणूस गेलं, तर समाचाराला दिगू परबाला पुढे बसवायचं नाही, असं बायकांनी आपसात ठरवून टाकलं होतं. तो यायचा, ओटीवर टेकायचा, खांद्यावरच्या पंच्याने डोळे टिपायचा, "बरो माणूस होतो गो" म्हणायचा, आणि तेवढ्याच हळव्या आवाजात विचारायचा, "पेन्शन कितकी होती?"

लग्नात बँडवाल्यांना, एस्टीत कंडक्टरला, देवळात भटजींना त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "पगार कितको?" भटजींना तर वर "शिधो धरून काय सोडून?" असा पोटप्रश्नसुद्धा असायचा. उत्तर मिळालं की कुणी न विचारता स्वतःचा आकडा सांगायचा. "माका साडेसातशे. काच वजा."

मी आचऱ्याच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या जनाक्काच्या पडवीत बिऱ्हाड मांडलं, त्याच संध्याकाळी हा शेजारच्या दगडी गडग्यावरून डोकावला. "नमस्कार, बाईनू. पगार कितको?" मी मालवणची. ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. म्हटलं, "कशाला? स्थळ आणलंय काय माझ्यासाठी?" तो जराही ओशाळला नाही. "तसा नाय ओ. आपला म्हायत आसलेला बरा. माका साडेसातशे. काच वजा."

आता ही काच काय भानगड, ते सांगायला हवं. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि ज्याला त्याला आमच्याकडे काहीतरी नवीन करून दाखवायची हौस आली होती. मुंबईच्या एका शेठनी परदेशात कुठेतरी काचघर बघितलं आणि आमच्या वाडीत जनाक्काच्या घराला लागून तसंच एक बांधलं. आत ऑर्किडची फुलं करायची आणि मुंबईच्या हॉटेलांना विकायची. लोकांनी तोंडात बोटं घातली. "मेल्यानू, हंय उघड्यार बसलो तरी घाम गळता, आणि ह्येंका काचेत बसूचा आसा!" फुलांबद्दलही मत चांगलं नव्हतं. वास नाही, देवाला चालत नाही, गाय तोंड लावत नाही. त्या काचघराचा मॅनेजर म्हणजे आमचा दिगू. शेतकीचा दोन वर्षांचा कोर्स केलेला, चाळिशीला टेकलेला, बिनलग्नाचा. वीज गेली की तो आणि कामाच्या दोन बायका सुपं घेऊन फुलांना वारा घालीत बसायच्या. मी स्वतः बघितलंय.

शेठनी नकाशा मुंबईत बसून काढून घेतला होता. त्यात खाडी होती, रस्ता होता, विहीर होती. फक्त जनाक्काचा माड नव्हता. तो माड तिच्या परड्यात उभा असला तरी वाढला होता तिरका, आणि त्याचा शेंडा बरोबर काचघरावर यायचा. नारळ पडले की दहातले सात वाळूत जायचे, उरलेले काचेवर. फुटलेली काच कोल्हापूरहून गवतात गुंडाळून एस्टीच्या टपावरून यायची आणि तिचे पैसे शेठ मॅनेजरच्या पगारातून कापायचे. देखरेख तुझी, मग नुकसानीही तुझी, असा त्यांचा हिशोब.

तिठ्यावरच्या हॉटेलात चहा पिताना दिगूचं या विषयावर व्याख्यान असायचं. मी दोनदा ऐकलं, दोन्ही वेळा चहा गार झाला. "बाईनू, काचघराच्या मॅनेजराचो पगार कशार आसता? शिक्षणाचे धरा तीनशे. अनुभवाचे चारशे. टेंप्रेचर कळता तेचे तीनशे. बायांका सांभाळूचे अडीचशे. ह्या सगळा पुण्यात केलास तर दोन हजार देतत, बंगळुराक त्याच्याव वर. हंयसर गावाचे उणे पाचशे. आणि मगे काच वजा."

"मग जा की पुण्याला! कुणी बांधून ठेवलंय?"

"काचेक कोण बघतलो?" तो म्हणायचा आणि बशीत तोंड घालायचा.

काच कशाने फुटते म्हणून शेठनी विचारलं की तो सांगायचा, माकडाने. एकच माकड. भलं मोठं, उजवा कान तुटलेला, आणि अंगात इतका माज की काचेवर बसून खाली बघून दात विचकायचं. आमच्या वाडीत माकड कुणी पाहिलं नव्हतं. ती सगळी वर डोंगराकडे. पण दिगू त्या एका कानाच्या माकडाचं असं वर्णन करायचा की कामाच्या बायकासुद्धा शेवटी "काल माका दिसलो" म्हणायला लागल्या.

मला मात्र ते माकड कधी पटलं नाही. कारण मी राहायची जनाक्काच्या पडवीत. काचेचा खळ्ळकन आवाज झाला की थोड्या वेळाने दिगू पाठीमागे हात धरून गडगा ओलांडून यायचा, आणि ओटीवर बसलेल्या जनाक्काच्या पुढ्यात नारळ ठेवायचा. "घे गो जनाक्के. झिलाची मनिऑर्डर इली."

जनाक्काचा एकुलता एक झील सदू रेडीहून बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. पहिली दोन वर्षं पत्रं आली, पैसे आले. मग काहीच आलं नाही. बोटवाल्यांनाही पत्ता नव्हता. तो जन्मला तेव्हा नवऱ्याने लावलेला हा माड. जनाक्का त्याला सदूच म्हणायची. पोस्टमन वाडीत शिरला की घराघरांतल्या बायका मुंबईच्या मनिऑर्डरीसाठी दारात यायच्या. ही आपली परड्यात जाऊन माडाखाली उभी राहायची. आणि तिने देवाला सांगून ठेवलं होतं की सदू परत येईल, तोच माडावर चढेल, तोच नारळ पाडेल. तोवर दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा नाही. म्हणून ते नारळ कुणी काढत नव्हतं आणि ते आपले आपण पडत होते.

दिगूने शेठना खरं सांगितलं असतं, तर शेठ माड तोडायला पैसे घेऊन तिच्या दारात आले असते. आणि नको म्हणायची जनाक्काची परिस्थिती नव्हती. चुलीवर काय शिजतं ते पडवीत राहणारीला कळतंच. म्हणून माकड. म्हणून महिन्याला दोन काचा, कधी तीन. मला हे सगळं समजलं तेव्हा मी एवढंच केलं, की पुढच्या वेळी शेठ आले तेव्हा त्यांना आपण होऊन सांगितलं, "भारीच वांड आहे हो ते माकड."

वालावलीला त्याचं एक लग्न जमत आलं होतं. मुलीला तो पसंत होता. मुलीच्या बापाने विचारलं, "पगार कितको?" दुसरा कुणी असता तर नुसतं साडेसातशे म्हणाला असता. हा म्हणाला, "साडेसातशे. काच वजा." बैठकीतली माणसं हसली. मुलीचा बाप म्हणाला, "हजार झाले की येवा." तेव्हापासून दिगूचा जीव त्या हजारात अडकला होता. मला तर वाटतं, जगाला पगार विचारत सुटायची खोडही तेव्हाचीच. आपल्याला कुणी विचारण्याआधी आपणच विचारून घ्यावं, म्हणजे हसं होत नाही.

एका मार्च महिन्यात शेठ आले ते बंदूकवाला पाहुणा घेऊनच. "मॅनेजर, आज तुझ्या माकडाचा निकाल लावू."

दिगूचा चेहरा पडला. "शेठनू, आज शनवार. मारुतीचो वार. आज माकडार बंदूक धरूची नाय."

"धरत नाही. नुसती उडवतो," पाहुणा म्हणाला.

दोघे काचघरात खुर्च्या टाकून बसले. आतल्या उकाड्यात शेठच्या सदऱ्याचं पोतेरं झालं, पाहुणा पेंगायला लागला. दिगू सारखा आत-बाहेर. मी गडग्यापाशी, जनाक्का माझ्या शेजारी. दुपारभर काही झालं नाही. आणि मग एकदम खळ्ळकन काच फुटली. पाहुणा दचकून उठला आणि त्याने डोळे मिटूनच वर बार काढला. आणखी दोन काचा खाली आल्या. बायका सुपं डोक्यावर घेऊन पळाल्या. सगळं शांत झाल्यावर दिगूचा आवाज आला, "शेठनू, ह्या दोन कोणाच्या पगारातून?"

मी पदर तोंडात कोंबला. पण शेठ हसले नाहीत. पायाशी घरंगळत आलेल्या नारळाकडे त्यांनी बघितलं, मग वर बघितलं. "हे का तुझं एका कानाचं माकड?"

दिगू काचा गोळा करायला वाकला.

शेठ काही वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "अरे वेड्या, इतकी वर्षं पगार कापून घेतलास? माड तोडून टाकू. म्हातारीला काय ते पैसे मी देतो. तुझे सरळ हजार करतो. कापाकापी बंद."

हजार! इतकी वर्षं ज्याच्यासाठी झुरला तो आकडा शेठच्या तोंडून आला. दिगूने नारळ उचलला, पंच्याने पुसला. "माड ऱ्हवतलो," म्हणाला.

शेठना राग आला. "मग तू राहणार नाहीस. पंधरा दिवसांनी येतो. एकतर माड, नाहीतर तू."

दिगूने त्याच आठवड्यात ट्रंक भरायला घेतली. मी विचारलं तर म्हणाला, "पुण्याक जातंय. दोन हजार. काच मालकाची." ज्या नोकरीच्या गप्पा त्याने इतकी वर्षं मारल्या, तिच्याबद्दल बोलताना त्याचं तोंड इतकं कडू झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जनाक्काला यातलं काही सांगायचं नाही, असं त्याने मला बजावलं. तिने गडग्यापाशी उभं राहून सगळं ऐकलं होतं, हे त्या शहाण्याच्या लक्षातच नव्हतं.

दिगू फुलांच्या पेट्या मुंबईच्या गाडीत चढवायला कणकवलीला गेला, त्या दिवशी सकाळी जनाक्का मला म्हणाली, "बाय, आज शाळेत उशिरा जा. माझ्यावांगडा ऱ्हव." परड्यात माड तोडणारी माणसं येऊन उभी होती. तिने बुंध्याला हळदकुंकू लावलं, दिवा ठेवला. मग मान वर करून, अगदी जेवायला हाक मारावी तशी म्हणाली, "सदू, आता उतर रे बाबा. खूप वर्सां झाली." आणि दोर घेऊन थांबलेल्या माणसाकडे वळून म्हणाली, "चड."

मला रडू आवरेना. तिने मात्र डोळ्याला पदर लावला नाही. वरून एकेक झावळी, नारळांची एकेक पेंड दोराने खाली येत होती आणि ती पायरीवर बसून बघत होती.

दुपारी दिगू आला तो पळतच. तिठ्यावरूनच त्याला कळलं असणार, वाडीवरचं आभाळ उघडं पडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो जनाक्कावर ओरडला. "ह्या काय केलंस गो! कोणी सांगल्यान तुका? शिरा पडो त्या शेठाच्या काचेर! मी जातच होतंय मां!"

तिने त्याला दम लागेपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाली, "माकडाचा माका सांगू नको. माकड नारळ फोडून खाता, घरात आणून देणा नाय." आणि वर म्हणाली, "एक झील बोटीर गेलो. दुसऱ्याक पुण्याक जावक देव काय?"

दिगू गडग्यावर बसला. लहान पोरासारखा रडला. जनाक्काने शेठचे पैसे घेतले नाहीत.

शेठनी शब्द पाळला. दिगूचे हजार झाले. पुढे वालावलीच्या जत्रेत त्याला तो मुलीचा बाप भेटला. त्याने विचारलं, "आता पगार कितको?" दिगू म्हणाला, "हजार." "बरो आसा," म्हातारा म्हणाला, आणि कडेवरच्या नातवाला सांगितलं, "मामांका नमस्कार कर." हे मला दिगूनेच सांगितलं, हसत हसत. मला काही हसू आलं नाही. काही गोष्टी येतात, पण माणूस उठून गेल्यावर येतात.

त्याचं ते पगार विचारणं मात्र त्यानंतर बंद झालं. कुणाच्या समाचाराला गेला तरी नुसता बसून यायचा. बायकांनाच चुकल्यासारखं वाटायचं.

माड गेल्यानंतरच्या पहिल्या तारखेला मी पडवीत वह्या तपासत होते. दिगू पाठीमागे हात धरून गडगा ओलांडून आला. जुन्या सवयीने माडाखालची जागा टाळून, वळसा घालून आला. "घे गो जनाक्के. मनिऑर्डर इली." सदूचा नारळ लांबट आणि बारीक असायचा. हा चांगला वाटोळा, बाजारातला. जनाक्काने तो हातात घेतला, कानाशी नेऊन हलवून बघितला. "बरी वेळार इली," म्हणाली. "बस. चाय ठेवतंय."

ती आत गेली. दिगू पायरीवर बसून, जिथे आता काहीच नव्हतं तिथे वर बघत राहिला. मला ते बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मीच विचारलं, "काय मॅनेजर, पगार कितको?"

"हजार, बाईनू," तो म्हणाला. "नारळ वजा."