बदलाविना मंजूर

आमच्या नगरपालिकेत कोणत्याही डिझाइनला कावळा शिवल्याशिवाय मंजुरी मिळत नाही. पूर्वी या कामासाठी तीन तज्ज्ञांची समिती होती. तिघांचे एकमत एकदाच झाले, तेही चहा कुठून मागवायचा याविषयी. तेव्हापासून कावळा आस्थापनेवर आहे. तो वेळेवर येतो, प्रवासभत्ता मागत नाही आणि अभिप्राय लिहून फाइल फुगवत नाही.

पद्धत साधी आहे. सोमवारी दहा वाजता कार्यालयाच्या गच्चीवर डिझाइन पाटावर ठेवतात. ग्राहक आणि डिझायनर हात जोडून उभे राहतात. कावळा लगेच शिवला नाही, तर घाटावर देतात तसे आश्वासन द्यायचे. तिथे 'धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ' म्हणतात, इथे 'नाव मोठं करू' म्हणतात. ज्या आश्वासनाला कावळा शिवेल ते मी लिहून घ्यायचो आणि 'बदलांसह मंजूर' असा शिक्का मारायचो. 'बदलाविना मंजूर' हाही शिक्का कपाटात होता. त्याला शाई लागलेली मी पाहिली नव्हती.

निरंजन कोरगावकरांना तो शिक्का हवा होता. बावीस वर्षांत त्यांची दोनशे अकरा कामे मंजूर झाली होती, सगळी बदलांसह. पन्नाशीपर्यंत एकही काम बदलाविना मंजूर झाले नाही, तर नोंदवहीत 'डिझायनर' खोडून 'मदतनीस' लिहावे लागते. त्यांची पन्नाशी बुधवारी होती.

त्या सोमवारी ते पापडाची पुडी घेऊन आले. पांढरा कागद, मधोमध एक पापड, खाली बारीक अक्षरांत नाव. सोबत पापडवाले फडतरे आणि कोरगावकरांच्या आई, इंदुमतीबाई. आई कशाला आल्या, हे विचारायचा रकाना अर्जात नव्हता.

कावळा कठड्यावर बसला. त्याने पुडीकडे एका डोळ्याने पाहिले, मग दुसऱ्याने.

"नाव मोठं करतो," फडतरे म्हणाले.

कावळा दोन पावले पुढे आला.

"नाही करणार," कोरगावकर म्हणाले. कावळा मागे गेला.

"अहो, येत होता ना तो! महाराज, चार कोपऱ्यांत चार फुलं टाकतो. माझा फोटो टाकतो. हसरा."

"फोटो नाही. फुलंही नाहीत."

"कोरगावकर, माझे सव्वाशे किलो पापड घरात उघडे पडलेत! बायको पलंगावर झोपू देत नाही, तिथे पण पापड आहेत."

साडेअकराला आमचे मुख्याधिकारी धुमाळ साहेब वर आले. "दर्भाचा कावळा करा, शिववा आणि मोकळे व्हा," म्हणाले. दर्भाच्या कावळ्यावर मागील लेखापरीक्षणात आक्षेप असल्याचे मी नम्रपणे निदर्शनास आणले. साहेब खाली गेले.

"निरू, एक फूल टाक की," इंदुमतीबाई म्हणाल्या. "पापडाला फुलाचं काय ओझं होणार आहे?"

"आई, तू तरी नको."

"बरं बाबा. मला कुठं काय कळतंय त्यातलं."

कोरगावकरांनी जोडलेले हात सोडले आणि कावळ्याकडे वळले. "हे बघा, मी काहीही बदलणार नाही. शिवायचं तर असंच शिवा."

कावळा उडाला आणि कोरगावकरांच्या डोक्यावर बसला. पंख नीट केले, थोडा थांबला आणि निघून गेला.

"अगं बाई, डोक्यावर!" इंदुमतीबाई म्हणाल्या. "नागपूरला मामाला कळवा, निरू गेला म्हणून. खोटं कळवलं की दोष जातो."

"कळवता येणार नाही," मी म्हणालो. "मंजूर वस्तू गेल्याचं कळवलं तर पंचनामा करावा लागेल."

"मंजूर काय?" फडतऱ्यांनी विचारले. "पुडीला कुठं शिवला तो?"

मी नियम सात वाचून दाखवला. 'कावळा ज्यास शिवेल ते मंजूर.' आश्वासन तर काहीच दिलेले नव्हते. मी कपाटातून दुसरा शिक्का आणला आणि अर्ज भरायला घेतला. उंची पाच फूट सहा, रंग सावळा, प्रत एकच.

"डिझायनरचं नाव?"

कोरगावकरांनी तोंड उघडले. वस्तूला स्वतःसाठी सही करता येत नाही, हे मी त्यांना सांगितले. वडील हयात नव्हते. इंदुमतीबाईंनी सही केली.

"यापूर्वीची कामं?"

"नाही हो. हे पहिलंच."

दोनशे अकरा कामांत मुलाला जे जमले नाही ते आईला पहिल्याच खेपेस जमले, असे प्रमाणपत्रावर लिहिलेले नाही. पण तारीख आणि क्रमांक पाहून ते समजते.

बदलाविना मंजुरी मिळालेल्या डिझायनरला पुढे कावळा लागत नाही. फडतऱ्यांनी हा नियम माझ्या खांद्यावरून वाचला आणि पाटावरची पुडी उचलून बाईंच्या हातात दिली. "बाई, आता तुम्हीच सांगा. फुलं?"

इंदुमतीबाईंनी चष्मा लावला. पुडी लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली. मग मुलाकडे पाहिले. तो कठड्याकडे तोंड करून उभा होता.

"काही करू नका," त्या म्हणाल्या. "आहे तशी छापा."

मी पुडीवरही तोच शिक्का मारला, बाईंच्या नावावर. शाई ओलीच होती.

बुधवारी कोरगावकर स्वतःच कार्यालयात आले. त्यांच्यासमोर मी 'डिझायनर' खोडून 'मदतनीस' लिहिले.

"कोणाचा?" त्यांनी विचारले.

"इंदुमतीबाईंचा."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि पुढचा अर्ज दिला. मंजूर कामात परस्पर बदल करता येत नाही, म्हणून केस कापण्याची परवानगी हवी होती. सोबत डिझायनरची संमती जोडली होती: 'हरकत नाही. मात्र मानेवर फार बारीक करू नयेत, याला सर्दी होते.'