एकवीस धावांची बाही

बुधवारी सकाळी पाचव्या कसोटीचा संघ जाहीर झाला आणि मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात अबोला सुरू झाला.

दुकानात माणसं तीन. पुढे आरशापाशी उभं राहून मापं घेणारे मास्तर. मधल्या पडद्याआड, कटिंगच्या टेबलाशी, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. आणि खिडकीशी काजं-बटणं करत बसलेली त्यांची बायको, जिला सगळी गल्लीच ताई म्हणायची. एकाची बायको आणि दुसऱ्याची बहीण असल्यामुळे दोन्ही बाजूंचं ऐकून घेणं तिच्या नशिबी आलं होतं.

परदेशातली मालिका दोन-दोन अशी बरोबरीत होती. आता जो जिंकेल त्याची मालिका. गेला आठवडाभर दुकानात कपडे कमी आणि संघ जास्त बेतले जात होते, आणि दहा जागांवर दोघांचं एकमत होतं. घोडं अडलं होतं ते पाचव्या क्रमांकावर. तिथे मास्तरांना हवा होता तो जुना, अनुभवी फलंदाज. सदतिशी गाठलेल्या त्या गृहस्थाला दुकानात सगळे ‘म्हातारा’च म्हणत. गेल्या सात डावांत त्याने विशी ओलांडली नव्हती. मेहुण्याला हवा होता तो बाविशीतला डावखुरा, ज्याने सराव सामन्यात शतक ठोकलं होतं.

“सात डाव, दाजी,” मेहुणा म्हणाला होता. “आपल्याकडे कुणी लागोपाठ सात कोट बिघडवले असते, तर आठवा तुम्ही त्याच्या हातात दिला असता का?”

“त्याआधी पंधरा वर्षं त्याने चांगले शिवले असते, तर दिला असता.”

“मग आपलं दुकान कधीच बुडालं असतं.”

“दुकान माझ्या हातात आहे म्हणून बुडत नाही. तुझ्या हातात कात्री आहे, तेवढी चालव.”

हे जरा लागलं. त्यात बुधवारी संघात म्हाताऱ्याचंच नाव आलं आणि मास्तरांनी पडद्याआड डोकं घालून निवड समितीच्या शहाणपणावर दहा मिनिटं प्रवचन दिलं. मेहुण्याने शांतपणे रेडिओची पिन भिंतीतून उपटली.

“डावखुरा नाही, तर मला हा सामनाच नाही,” तो म्हणाला. “आणि तुमच्याशी बोलणंही नाही. स्कोअरसुद्धा कानावर घालू नका.”

“नाही घालत,” मास्तर म्हणाले, आणि मोबाइलची वायर डाव्या कानात खुपसून पुढे निघून गेले.

त्याच दुपारी वकीलसाहेब आले. येत्या सोमवारी ते न्यायाधीशपदाची शपथ घेणार होते. वर्तमानपत्रात बातमी छापून आली होती, आणि त्या दिवसाचा काळा कोट मास्तरांनी शिवायचा होता. कापड त्यांनी घरून आणलं होतं. त्यांच्या वडिलांनी, तेही वकीलच, वीस वर्षांपूर्वी ते घेऊन ठेवलं होतं. मुलगा न्यायाधीश होईल तेव्हा याचा कोट शिवायचा, असं म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवलं आणि दिवस येण्याआधीच ते गेले. असं कापड आता कुठल्या बाजारात मिळायचं नाही, हे मास्तरांच्या बोटांना हात लावताक्षणीच कळलं.

“वडिलांची आठवण आहे, मास्तर. दुसरं कापड नाही,” वकीलसाहेब एवढंच म्हणाले. मुळात ते मितभाषीच.

“काळजी सोडा. सव्वीस वर्षांत या दुकानातून गेलेला एक कपडा परत आलेला नाही,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी गळ्यातला टेप काढला.

माप घेण्याची या दुकानाची एक रीत होती. मास्तर नुसता आकडा बोलत, पडद्याआडून मेहुणा वहीत लिहून घेई. क्रम वर्षानुवर्षांचा ठरलेला असल्यामुळे कुठला आकडा कशाचा, हे सांगावं लागत नसे. आधी लांबी, मग खांदा, बाही, छाती, कंबर आणि शेवटी गळा. एखादा आकडा विचित्र वाटला तर मेहुणा आतून विचारायचा, “दाजी, बाही पुन्हा एकदा?” आणि मास्तर पुन्हा टेप लावायचे. सव्वीस वर्षांचं सगळं यश खरं तर त्या ‘पुन्हा एकदा’त होतं, पण ही गोष्ट दोघांपैकी एकानेही कधी कबूल केली नव्हती.

“एकोणतीस,” मास्तर म्हणाले. आत पेन्सिल चालली.

“सतरा.” पेन्सिल चालली.

मास्तरांनी बाहीसाठी टेप खांद्यावर ठेवला आणि नेमका त्याच वेळी कानातला समालोचक ओरडला. म्हातारा सतरावर होता. त्याने कव्हरमधून असा काही चौकार मारला होता की समालोचकाला विशेषणं पुरेनात. आठव्या डावात का होईना, म्हाताऱ्याने विशी ओलांडली होती. मास्तरांचा ऊर भरून आला.

“एकवीस,” ते म्हणाले. म्हणाले कसले, गर्जले.

आत पेन्सिल थांबली. बाही एकवीस म्हणजे जरा आखूडच. पण विचारायचं म्हणजे बोलायचं, आणि बोलायचं म्हणजे हार मानायची. मेहुण्याने ओठ घट्ट मिटून एकवीस लिहिलं.

बाही सांगून झाली, अशा समजुतीने मास्तर छातीकडे वळले. “अडतीस.” हे माप खरं होतं. मग टेप कमरेभोवती गेला, आणि म्हाताऱ्याने एक चौकार आणि पाठोपाठ तीन धावा काढल्या.

“अठ्ठावीस,” मास्तर डोळे मिटून म्हणाले. मग डोळे उघडून त्यांनी गळा मोजला. “सोळा. झालं, साहेब. रविवारी दुपारी ट्रायलला या.”

वकीलसाहेब आले तसे शांतपणे गेले. जाताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मास्तरांना वाटलं, माणूस आपल्या हातावर खूश झाला.

गुरुवारी सकाळी मेहुण्याने कापड पसरलं, खडू हातात घेतला आणि वही बघून तो विचारात पडला. छाती अडतीस, कंबर अठ्ठावीस, हात आखूड. हा वकील आहे की पहिलवान? काल पडदा ओढलेला होता, त्यामुळे माणूस त्याने पाहिलाच नव्हता. तो खिडकीशी गेला.

“ताई, त्यांना विचार जरा. वकिलांची बाही एकवीसच ना? आणि कंबर अठ्ठावीस?”

“मी काय टपालखातं आहे?” ताई म्हणाली. पण उठली.

मास्तर तेव्हा आरशासमोर उभे होते, पण आरशात बघत नव्हते. म्हातारा शहाण्णववर होता.

“अहो, तो विचारतोय, एकवीस आणि अठ्ठावीस बरोबर आहे का?”

“बरोबर,” मास्तर हात हलवत म्हणाले. “सगळं बरोबर आहे. त्याला सांग, कालपासून माझं काहीही चुकलेलं नाही.”

त्याच क्षणी म्हाताऱ्याने शतक पुरं केलं आणि मास्तरांनी इस्त्रीवाल्याला मिठी मारली. तो बिचारा कपडे द्यायला आला होता. पडद्याआड मेहुण्याने तो निरोप ऐकला, दात खाल्ले आणि कात्री चालवली.

रविवारी दुपारी वकीलसाहेब ट्रायलला आले. शेवटचा दिवस होता. आपल्या संघाला जिंकायला दोनशे सत्तर हवे होते, चौघे बाद झाले होते आणि म्हातारा पुन्हा खेळपट्टीवर होता. मास्तरांच्या कानात वायर होती आणि मनात विजयाच्या मिरवणुका. त्यांनी कोट मागून धरला. वकीलसाहेबांनी हात घातले.

बाही मनगटाच्या चार बोटं मागेच संपली. पुढचे दोन पल्ले एकमेकांना भेटायला निघाले आणि पोटावर, वीतभर अंतरावरून, एकमेकांकडे बघत राहिले. मास्तरांनी हलकेच ओढून पाहिलं. पाठीत कच्ची शिवण टरकन उसवली.

मास्तरांनी कानातली वायर काढली. म्हाताऱ्याच्या सातही अपयशी डावांत त्यांनी ती कधी काढली नव्हती.

“वही आण,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की अबोल्याचं भान मेहुण्यालाही राहिलं नाही. तो वही घेऊन पडद्याबाहेर आला, वकीलसाहेबांचं पोट त्याने पहिल्यांदाच पाहिलं आणि म्हणाला, “दाजी, हे अठ्ठावीस नाही.”

“ते मलाही दिसतंय. तू अठ्ठावीस लिहिलंस कसं?”

“तुम्ही सांगितलंत. ताईकडून विचारलं, तेव्हाही बरोबर म्हणालात.”

मास्तरांनी वहीतले आकडे पाहिले. एकवीस. अठ्ठावीस. त्यांच्या डोळ्यांसमोर कव्हरमधला तो चौकार उभा राहिला. ते स्टुलावर बसले. “साहेब,” ते म्हणाले, “ही तुमची मापं नाहीत. या त्या म्हाताऱ्याच्या धावा आहेत.”

वडिलांचं कापड, उद्याची शपथ, सव्वीस वर्षांचं नाव. मास्तरांना वकीलसाहेबांकडे बघवेना.

“म्हणजे काय!” वकीलसाहेब म्हणाले. “धावाच होत्या त्या. मला माहीत होतं.”

“माहीत होतं?”

“बुधवारी सकाळपासून कोर्टात होतो. फोन बंद. तुम्ही मापं घेता घेता स्कोअर सांगत होतात, मला केवढं बरं वाटलं. म्हटलं, काय पण मास्तर आहेत, गिऱ्हाइकाची किती काळजी. हे वहीत जातंय, याची मला काय कल्पना?”

“चुकलो, साहेब. उद्या तुम्ही काय घालणार? सव्वीस वर्षांत एक कपडा परत आला नव्हता.”

“अजूनही आलेला नाही,” वकीलसाहेब कोट काढत म्हणाले. “तो दुकानाबाहेर गेलाच नाही, तर परत येईल कसा? आता कापडाचं बोला.”

कापडाचं मेहुण्याने सांगितलं. वकीलसाहेबांचे वडील देहाने मुलाच्या दुप्पट होते आणि कापड त्यांनी स्वतःच्या अंदाजाने घेतलं होतं. त्यात कोट लहान बेतलेला. निम्मं कापड तसंच घडी करून ठेवलं होतं. पाठ वापरता येईल, बाह्या आणि पुढचे पल्ले नव्याने कापायचे. शपथ उद्या दुपारी चारला. दोघं बसले तर होईल. “पण दोघं बसले तर,” ताईने खिडकीशी बसल्या बसल्या बजावलं.

“बसू,” मास्तर म्हणाले.

“बसू, दाजी,” मेहुणा म्हणाला. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मेहुण्याचे डोळे किंचित ओले झाले.

“मग घ्या माप,” वकीलसाहेब म्हणाले. “आणि जरा रेडिओ लावा. शेवटचा दिवस आहे.”

इथे सगळ्यांचंच चुकलं. मेहुण्याने रेडिओची पिन भिंतीत खुपसली. म्हातारा दीडशे चेंडूंत एकोणचाळीसवर होता आणि चेंडूमागून चेंडू नुसते अडवत होता.

“एकोणतीस,” मास्तर म्हणाले.

“लांबी एकोणतीस,” मेहुणा म्हणाला.

“सतरा. अरे, मार की आता. तीस षटकं राहिलीत.”

“खांदा सतरा. टिकू द्या त्याला, दाजी. तो गेला तर शेपूट सुरू होईल.”

मास्तरांनी टेप खाली घेतला. “टिकून काय करायचंय? मालिका जिंकायचीय. इथे डावखुरा हवा होता.”

“डावखुरा?” मेहुण्याने पेन्सिल आपटली. “आठवडाभर माझं डोकं खाल्लंत आणि आता डावखुरा? हा माणूस छातीवर चेंडू झेलतोय, दाजी. मी आज पहिल्यांदा ऐकतोय. अशा माणसाला मी नावं ठेवली, याची मला लाज वाटतेय.”

“तुला खेळातलं काय कळतं? काढून टाका त्या म्हाताऱ्याला.”

“सात कोट बिघडवले तरी तुम्ही आठवा देणार होतात ना?”

“तू मला शिकवू नकोस.”

“मग बोलूच नका माझ्याशी.”

“नाही बोलत.”

मेहुणा पडद्याआड गेला. मास्तर टेप टाकून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. वकीलसाहेब हात आडवे करून आरशासमोर तसेच उभे.

ताईने सुई कपड्यात टोचून ठेवली, उठून वही उचलली आणि टेप वकीलसाहेबांच्या हातात दिला. “तुम्हीच मोजा, साहेब. मी लिहिते.”

न्यायाधीश व्हायला एक दिवस उरलेल्या त्या गृहस्थांनी टेपचं एक टोक खांद्यावर हनुवटीने दाबून धरलं आणि बाही मोजली. “चोवीस.” मग छाती. “अडतीस.” मग टेप कमरेभोवती गुंडाळून, वाकून, चष्मा वर करून ते म्हणाले, “चाळीस.”

ताईची पेन्सिल थांबली. “माप की धावा?”

“माप,” वकीलसाहेब म्हणाले. मग पडद्याकडे कान देऊन, हळूच, “धावा बेचाळीस.”

सोमवारी चार वाजता शपथ होती. कालचा सामना अनिर्णित राहिला होता, मालिका बरोबरीत सुटली होती आणि कोट दोघांनी मिळून, चिठ्ठ्या लिहून, शिवला होता. सभागृहात शेवटच्या रांगेत ताईच्या एका बाजूला मास्तर आणि दुसऱ्या बाजूला मेहुणा बसला होता. वकीलसाहेबांनी शपथेसाठी उजवा हात वर केला. बाही जरा मागे सरकली, आणि हात खाली येताच बरोबर मनगटाच्या हाडावर येऊन थांबली. मास्तर ती बघतच राहिले. मग ताईच्या पाठीमागून वाकून त्यांनी मेहुण्याच्या कानात विचारलं, “काय कापलंस रे?”

“चोवीस, दाजी,” मेहुणा म्हणाला. “पण मी अर्धा इंच वाढवली. स्वतःचं माप घेताना माणूस हात आखडतो.”

पुढच्या मालिकेत पाचव्या क्रमांकावर कोण, हा विषय मास्तरांनी निदान टाळ्या संपेपर्यंत तरी काढला नाही.