वीस ग्रॅम आणि दोन जीबी

"बाबा, घरात रेंज कुठे बरी येते तेवढं बघून ठेवाल? अकराला माझी मुलाखत आहे," एवढं सांगून मुलगी केस धुवायला गेली. घरच्या इंटरनेटची केबल परवा रस्ता खणणाऱ्यांनी तोडली होती. त्यामुळे व्हिडिओवरची ही मुलाखत मोबाइलच्या डेटावरच द्यायची होती. सात महिन्यांत आलेलं हे पहिलंच बोलावणं.

दुसऱ्या कुणी फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्या बघून "गॅलरीत बस" म्हटलं असतं आणि पेपर उघडला असता. पण तिचे वडील वजनमापे निरीक्षक होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण ती फक्त कागदोपत्री. तीस वर्षं त्यांनी दुकानांचे काटे तपासले. प्रत्येक काटा तीनदा, मग सरासरी, मग शेरा. दुकानदार हातापाया पडले, आजारी सासूबाईंना पुढे केलं, तरी अहवालाच्या शेवटी दोनच शब्द असत: सबब अमान्य.

त्यांनी मुलीचाच फोन घेतला. ज्या काट्यावर माल जोखायचा तोच काटा तपासायचा, हा नियम. वेग मोजायचं अॅप त्यात होतंच. त्यांनी चष्मा लावला, वही उघडली, पट्टीने रकाने आखले.

ठिकाण: बैठकीची खोली, सोफा. वेळ: ८.१०. मोजणी: ४, ६, ५. सरासरी: ५. शेरा: साधारण.

ठिकाण: स्वयंपाकघर, ओट्याजवळ. वेळ: ८.२५. मोजणी: २, २, ०. सरासरी: १.३३. शेरा: तिसऱ्या मोजणीच्या वेळी पत्नीने कुकर लावला. संशय आहे.

"अहो, कुकरचा आणि इंटरनेटचा काय संबंध?"

"तेच तपासतोय. आणि शिट्टी होऊ देऊ नकोस."

"शिट्टी काय मला विचारून होते?"

ठिकाण: कपाटाच्या आत. वेळ: ८.५०. मोजणी: १, १, मोजता आली नाही. शेरा: दार बाहेरून लागलं. पत्नी म्हणते मुद्दाम नाही.

ठिकाण: गॅलरी, वॉशिंग मशीनच्या मागे, स्टुलावर उभं राहून. वेळ: ९.२०. मोजणी: ८८, ९१, ९०.

इथे निरीक्षकांची भुवई वर गेली. इतकं झकास माप त्यांना नोकरीत एकदाच सापडलं होतं, आणि तो काटा खोटा निघाला होता. त्यांनी पुन्हा तीन मोजण्या घेतल्या. मग स्टूल बदलून तीन. मग चष्मा काढून तीन.

आता या अॅपची एक खोड होती, ती वहीच्या कुठल्याच रकान्यात बसणारी नव्हती. वेग मोजायचा म्हणून ते भराभर माहिती ओढून बघायचं. जागा जितकी चांगली, तितका डेटा जास्त खायचं. मुलीच्या फोनला दिवसाला दोन जीबी मिळत. आजचा नव्वद टक्के डेटा संपला, असा निरोपही फोनने दिला. निरीक्षकांनी ती जाहिरात समजून बोटाने बाजूला सारली. कामावर असताना ते जाहिराती वाचत नसत.

ठिकाण: तेच. वेळ: १०.२५. मोजणी: ०.०६, ०.०६, ०.०६. सरासरी: ०.०६. शेरा: वेग कमी, पण तिन्ही वेळा एकच. अत्यंत विश्वासार्ह.

इस्त्रीचा शर्ट घालून मुलगी गॅलरीत आली. "सापडली जागा?"

"सापडली. पण सव्वा दहानंतर तिचा दर्जा घसरला आहे."

तिने फोन हातात घेतला, आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा! अख्खा डेटा संपवलात?"

"संपवला नाही. मोजला."

"तुमचा फोन द्या."

"त्याच्यावर आधीच रंगीत तालीम झाली."

तिच्या आईचा फोन बटणांचा होता. तो आईने पुन्हा कमरेला खोचला आणि ती म्हणाली, "खालच्या दुकानात रिचार्ज मारून मिळतं."

खालच्या दुकानात निरीक्षकांनी अकरा वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. त्या किराणावाल्याचा काटा त्यांनी वीस ग्रॅम कमी पकडला होता. "घाईत वाडग्याचं वजन धरलं गेलं साहेब," तो म्हणाला होता. सबब अमान्य. दुकान आठ दिवस बंद. तेव्हापासून घरात सामान लांबच्या दुकानातून यायचं. म्हणजे पिशवी लांबच्या दुकानाची असायची.

"बाबा, दहा चाळीस झालेत," मुलगी म्हणाली.

तिघंही जिना उतरले.

"या साहेब," किराणावाला म्हणाला. "काटा तपासायला?"

"रिचार्ज."

"सकाळपासून अडकतंय ते. होत नाही." मग त्याने मुलीच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. "मुलाखत का गं? मग रिचार्ज कशाला हवाय? माझं वायफाय चालू आहे. माझी लाइन मागच्या गल्लीतून येते, ती अजून कुणी खणली नाही. जा, गोदामात बस. खुर्ची आहे. पडदा ओढून घे."

निरीक्षकांनी सवयीने आपला फोन काढला आणि अॅप उघडलं.

"साहेब, हेही जोखून घेणार?"

फोन खिशात परत गेला. न मोजता माल घ्यायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"मागे माल उतरवायला टेम्पो येईल, हॉर्न मारमार मारेल," किराणावाला म्हणाला. "मी आणि वहिनी त्याला गल्लीच्या तोंडाशीच थोपवतो. तुम्ही काट्यावर उभे राहा. तुम्हाला काय शिकवायचं?"

पहिल्या बाईंना अर्धा किलो साखर हवी होती. रिकामं वाडगं काट्यावर ठेवायचं, शून्याचं बटण दाबायचं, मग माल ओतायचा. निरीक्षकांनी बटणाला नुसतं बोट लावलं. केवढ्याने तरी टीं वाजलं, शून्य काही आलंच नाही. पडद्यामागे मुलगी सांगत होती, "अचूकपणा मी घरातच शिकले." तिचा आवाज अडखळला, मग सावरला. निरीक्षकांनी बोट चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"काका, उरका की. मुलं शाळेतून सुटतील," बाई म्हणाल्या.

"हळू बोला," निरीक्षक कुजबुजले, आणि आकडा पाचशेवर येईपर्यंत साखर ओतली. त्यानंतर आणखी दोन गिऱ्हाइकं आली. कुजबुजत, टीं न करता, त्यांचंही आटपलं.

किराणावाला आणि आई परत आले तेव्हा काट्यावर रिकामं वाडगं होतं आणि वर लाल आकडा झळकत होता.

"साहेब, हे वीस कसले?"

निरीक्षकांनी आकड्याकडे पाहिलं. वाडगं उचललं, ठेवलं. वीस. उचललं, ठेवलं. वीस. पुन्हा. वीस.

"ती आत बोलत होती. बटण वाजतं. त्यात गिऱ्हाइकाची घाई, म्हणून वाडग्याचं..." ते थांबले. हे वाक्य त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

किराणावाल्याने कागदाच्या तीन छोट्या पुड्या बांधल्या. प्रत्येकीत वीस ग्रॅम. "तिघंही ओळखीचे आहेत. संध्याकाळी पोचवतो."

पडदा सरकला. "गुरुवारी दुसरी फेरी!" मुलगी ओरडली. "एकदाही अडकलं नाही! किती स्पीड होता हो बाबा?"

"मोजला नाही."

आईने आणि मुलीने एकमेकींकडे पाहिलं.

"गुरुवारीही इथेच ये," किराणावाला म्हणाला. "फक्त काट्यावर दुसरं कुणीतरी बघू."

निरीक्षकांनी खिशातून वही काढली आणि ती साखरेच्या पोत्यावर टेकवून लिहिलं.

ठिकाण: किराणा दुकान. मोजणी: २०, २०, २०. सरासरी: २०. शेरा: घाईत वाडग्याचं वजन धरलं गेलं. सबब मान्य.

खाली सही केली. तारीख मात्र त्यांनी अकरा वर्षांपूर्वीची टाकली.