राक्षसाचं सेवापुस्तक

आमच्या शेजारच्या आप्पांनी एका राक्षसाचं सेवापुस्तक उघडलं आहे. थट्टा नाही, मी ते हातात घेऊन पाहिलंय. पहिल्या पानावर नाव, उंची, जन्मतारीख ('उपलब्ध नाही, वयाचा दाखला मागवावा') आणि शरीरावरील ओळखीची खूण: 'डाव्या डोळ्यावर एक शिंग'. खाली अंगठ्याच्या ठशासाठी चौकोन सोडलाय. राक्षस गुहेत राहत असल्यामुळे ठसा घेणे बाकी, असा पेन्सिलीने शेरा.

आप्पा मूळचे धानोऱ्याचे. नंदुरबारला एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आस्थापना शाखेत कारकून होते. म्हणजे कोणाची नेमणूक, कोणाची रजा, कोणाची बढती, सगळ्या फायली आणि प्रत्येकाच्या नोकरीच्या नोंदींचं सेवापुस्तक यांच्या कपाटात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी सकाळी साडेनऊला इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःच्याच ओसरीत टेबलाशी बसतात. त्यांना काहीही सांगा, पहिला प्रश्न एकच: "तरतूद काय शे?" एकदा कॉलनीत दोन दिवस पाणी आलं नाही. आम्ही बादल्या घेऊन टँकरमागे धावत होतो आणि आप्पा फाटकात उभे राहून विचारत होते, दोन दिवस पाणी न सोडायची तरतूद काय शे?

आता या माणसाच्या आयुष्यात राक्षस आला कसा, ते सांगतो.

आप्पांना एकच लेक, सोनल. ती हैदराबादला नोकरी करते. काकू जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून घरात आप्पा एकटे. सोनल रविवारी दुपारी फोन करायची. गेल्या दिवाळीत म्हणाली, आप्पा, आता रविवारचा फोन संध्याकाळी करते, दुपारी आमचा खेळ असतो. खेळ असा, की चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकजण चालक, तो गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, कोणी योद्धा, कोणी जादूगार. आपापलं पात्र काय करतं ते ज्याने त्याने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते फासे टाकून ठरवायचं. आप्पा म्हणाले, "मीबी शिकस." ती हसली. "तुम्हले नही जमाव, आप्पा. तुम्ही पुस्तकच वाचत बसशात."

झालं. आप्पांनी त्याच आठवड्यात पुस्तकं मागवली. एक खेळाडूंसाठी, एक चालकासाठी, आणि एक नुसतं राक्षसांचं. तिन्ही इंग्रजी, तिन्ही उशीएवढी जाड. त्यांना खाकी कव्हरं घातली, वर 'खंड १, २, ३' लिहिलं. सोबत आलेले सात फासे कचेरीतल्या टेबल-खुर्च्यांसारखे डेड स्टॉक रजिस्टरला नोंदवून कपाटात कुलूपबंद केले. आणि मला बोलावून सांगितलं, "सर, होळीले सोनल येस. तीन दिन ऱ्हाई. तवपावत आपला खेळ तयार पाहिजे."

मी शाळेत गणित शिकवतो, रविवारी मोकळा असतो, आणि आप्पांकडचा चहा चांगला असतो. गेलो. दुसरा गडी मेडिकलवाला युवराज. तिसऱ्या वसावे सिस्टर. विसरवाडीकडच्या, जन्म सरकारी दवाखान्यात गेलेला, आता निवृत्त होऊन आमच्याच गल्लीत राहतात.

पहिल्या रविवारी हजेरीपटावर सह्या झाल्या. मग आप्पांनी पात्रं निवडायला सांगितलं. मी उत्साहाने म्हणालो, मी चोर होतो. खंड एकमध्ये चोर आहे, चित्रासकट आहे. आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं.

"चोरनी चारित्र्य पडताळणी कशी व्हई?"

मला तात्पुरत्या स्वरूपात चोर म्हणून घेण्यात आलं. युवराज जादूगार झाला, पण त्याला मंत्रविद्येचं शिक्षण कुठल्या संस्थेत झालं ते लिहून द्यावं लागलं. सिस्टर म्हणाल्या, "मी कुऱ्हाडवाली. काय लिहायचं ते लिहा." त्यांचं सेवापुस्तक सर्वांत लवकर तयार झालं.

मला वाटलं, आता खेळ. छे! आप्पा म्हणाले, आधी खंड एकचं वाचन. ते एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचे, मग कचेरीच्या मराठीत त्याचा अर्थ सांगायचे. 'सदर योद्ध्यास एका फेरीत एकदाच प्रहार अनुज्ञेय राहील.' खंड एक म्हणायचा, अधिक माहिती खंड दोनमध्ये. खंड दोन म्हणायचा, राक्षसाविषयी खंड तीन पाहा. खंड तीन परत खंड एककडे पाठवायचा. आम्हा तिघांच्या तोंडावर हताशपणा पसरायचा आणि आप्पांचा चेहरा खुलत जायचा. चौतीस वर्षांनी त्यांना आपल्या तोडीचा पत्रव्यवहार मिळाला होता.

एके ठिकाणी दोन खंडांचं जुळेना, तेव्हा त्यांनी प्रकाशकाला 'मार्गदर्शन मिळणेबाबत' पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मग स्मरणपत्र क्रमांक एक. मग दोन. दरम्यान आम्ही गुहेच्या दारात उभे होतो, म्हणजे कागदावर. जानेवारी गेला, फेब्रुवारी अर्धा संपला, गुहेचं दार काही उघडलं नाही.

मग आमची लेखी परीक्षा झाली. वीस गुणांची. 'राक्षस झोपलेला असताना हल्ला करावयाचा झाल्यास कार्यपद्धती विशद करा.' मला नऊ गुण पडले. पंचवीस वर्षं पोरांना नापास करणारा मी, मला आप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "सर, वाचन कमी पडस तुमनं." युवराजला सात पडले म्हणून मी वाचलो.

शेवटी सिस्टरांचा संयम सुटला. सुईसारखं सरळ बोलायची सवय त्यांना. "आप्पा, रोगी दारात तडफडतोय आणि तुम्ही पुस्तक वाचत बसलात, असं चाललंय हे. आमच्याकडे शेकोटीला गोष्ट सांगतात, त्याला एक सांगणारा लागतो आणि एक 'हां' म्हणणारा लागतो. बस. तिसरं काही लागत नाही."

"आनि चुकनं तं?" आप्पांनी विचारलं.

"चुकली तर चुकली. दुसऱ्या दिवशी दुसरी सांगतात."

आप्पांनी हे टिपून घेतलं नाही. त्यांना ते पटलं नव्हतं हे उघड होतं.

मग मीही शोध घेतला. इंटरनेटवर जाणकारांनी स्पष्ट लिहिलं होतं. नव्या खेळाडूला एकच पुस्तक पुरतं, तेही सगळं नाही. दुसरं आणि तिसरं चालकासाठी. आणि सगळेच नवखे असतील तर सुरुवात करायला तीसेक पानांची एक पातळ पुस्तिका मिळते, तेवढीच घ्या आणि बसा. मी विजयी मुद्रेने आप्पांकडे गेलो आणि हे सांगितलं.

त्यांनी खंड दोनवरची धूळ उगाच पुसली. धूळ नव्हतीच.

"सर, पातळ पुस्तक माले चालाव नही," ते म्हणाले. "ती धाकली व्हती तं खेळाले बलावे. आप्पा या, आप्पा पत्ते खेळू. मी म्हने, पहिले अभ्यास. मंग फायल. मंग एक दिन तिनी बलावनंच बंद करी टाकं. आते पह्यलांदा माले तिना खेळ समजस. त्याम्हा एक बी चूक नको."

मी आलो होतो त्यांची फिरकी घ्यायला. ते ऐकून माझंच तोंड उतरलं. पुढच्या रविवारी मी खंड एक घरी नेला आणि खरंच वाचला. फेरपरीक्षेत तेरा पडले.

होळी झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे जमलो. सोनलच्या कानामागे अजून रंग होता. आप्पांनी टेबलावर पांढरी चादर अंथरली होती. तिन्ही खंड, सेवापुस्तकं, हजेरीपट. फासे कपाटातून सही करून बाहेर काढले. ते चालकाच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी प्रस्तावना वाचायला घेतली. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. युवराज जांभई गिळत होता. सिस्टर खिडकीबाहेर पाहत होत्या. आप्पांना ते दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणून ते आणखी भराभर, आणखी चुकत वाचत होते. एका ठिकाणी पान उलटलं ते चुकीचं उलटलं, आणि त्यांना पुढची ओळच सापडेना. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

सोनलने तोवर समोरचं राक्षसाचं सेवापुस्तक उघडलं होतं. शिंगाची नोंद वाचून आधी ती फस्सकन हसली. मग पानं उलटत गेली. प्रत्येक पानावर आप्पांचं बारीक अक्षर. समासात ठिकठिकाणी लिहिलेलं: 'सोनलला विचारणे.' 'हे सोनलला आवडेल.' तिचं हसू हळूहळू थांबलं.

"आप्पा, उठा," ती म्हणाली. "खुर्ची बदला. आज तुम्ही खेळाडू."

"आनि मन्हा अभ्यास?"

"तो माले दिखस. आते खेळा."

तिने पिशवीतून तीच ती पातळ पुस्तिका काढली. बापाला शिकवायला म्हणून ती हैदराबादहून घेऊन आली होती. आप्पा नाइलाजाने माझ्या शेजारी बसले. त्यांना पात्र मिळालं वाटसरूचं. सेवापुस्तक नसलेला वाटसरू. ते अगदी उघडे पडल्यासारखे दिसत होते.

सोनल सांगू लागली. नदीकाठचं एक गाव. गावाला वेस. वेशीवर एक म्हातारा पहारेकरी, त्याच्या मांडीवर हे भलंमोठं रजिस्टर. तो म्हणतो, सगळे नियम वाचल्याशिवाय आत सोडणार नाही. आत गावात ढोल वाजतोय, लोक नाचतायत. पहारेकरी मात्र कित्येक वर्षं जागचा हललेला नाही.

युवराज खुदकन हसला. मीही हसलो. टोमणा कोणाला होता हे कळायला गणिताचा मास्तर लागत नव्हता.

"काय करशात, आप्पा?"

आप्पांचा हात सवयीने खंड एककडे गेला. सोनलने तो अलगद बाजूला सरकवला. आप्पा चादरीकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता हे पहारेकऱ्याची बाजू घेणार. ओळखपत्र दाखवणार, रांगेत उभे राहणार.

"त्याले म्हनस," आप्पा हळूच म्हणाले, "भाऊ, ते रजिस्टर बंद कर. चाल मन्हा संगे गावम्हा. एकला किती दिन बठशी?"

"हां," वसावे सिस्टर म्हणाल्या.

पहारेकरी ऐकतो की नाही, हे फाशावर ठरायचं होतं. फासा सोनलच्या मुठीत होता. तिने मूठ हलवली, आप्पांकडे पाहिलं, आणि फासा न टाकताच हात मागे घेतला.

"उठी गया तो, आप्पा," ती म्हणाली. "लगेच उठी गया."