अर्जदार हा आपला भाऊ असून

सौंसरच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली डोमाजीकाका लोकांचे अर्ज लिहून देत. समोरच्यानं साहेबाचं पद नीट उच्चारलं नाही, की ते पेनाला टोपण लावून टाकत. माणूस रामाकोन्याहून सायकल हाणत आलेला असो, की त्याची म्हैस कोणी बांधून ठेवलेली असो. आधी पद, मग म्हैस.

आमचा मुलूख हिंदी राज्यात, म्हणून भांडणं मराठीत होतात आणि अर्ज हिंदीत जातात. मधली सगळी इज्जत काकांच्या हाती. एकदा कोर्टात बाई न्यायाधीश बदलून आल्या, तेव्हा काकांची लगबग पाहण्यासारखी होती. लोक त्यांना 'सायबीण' म्हणत.

"सायबीण म्हंजे सायबाची बायको," काका खेकसत. "ह्या सोता साहेब हायेत. न्यायाधीश महोदया म्हण."

"मोदया," शेतकरी म्हणे.

"पुन्हा म्हण."

मी शाळामास्तर. खुर्ची गेल्यावर माणूस किती उरतो, ते दर निरोपसमारंभात पाहतो. काकांना तसं ऐकवलं, की उत्तर ठरलेलं : "मास्तर, पद पाहून बोलावं."

एका हिवाळ्यात ते बसने पांढुर्ण्याला माझ्या घरी आले. खिशातून पेपरचं कात्रण काढलं. दूरच्या कुठल्याशा हायकोर्टात एक बाई न्यायमूर्ती झाली होती.

"सुमी. माही लहान बहीण."

त्यांना बहीण आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. वकिली शिकायला ती नागपूरला निघाली, तेव्हा काकांनी मागून दार लावून घेतलं होतं. त्याला तीस वर्षं झाली. ती पुन्हा आली नाही.

"पत्र लिहून राहिलो," ते म्हणाले. "पदात चूक नको. पाहून द्या."

मी कागद वाचला. 'प्रति, माननीय न्यायमूर्ती महोदया. विषय : संत्री खाण्यास घरी येण्याबाबत. सविनय निवेदन की, अर्जदार हा आपला सख्खा मोठा भाऊ असून त्याच्या हातून पूर्वी चूक झालेली आहे. आंबिया बहाराची संत्री उतरली आहेत. करिता विनंती की,'

पुढे कोरं होतं.

हसू आलं होतं, ते तिथेच थांबलं. म्हटलं, "काका, पाकिटावर महोदया ठीक आहे. आत 'चि. सुमी' लिहा. धाकट्या बहिणीला असंच लिहितात."

त्यांनी कागद माझ्या हातून परत घेतला.

"चि. लिहाचा हक मी दार लावलं तवाच गेला, मास्तर."

मग 'एकदा यावे' एवढंच लिहून त्यांनी खाली सही केली. सौंसरच्या पोस्टात सगळे ओळखीचे, म्हणून पाकीट पांढुर्ण्याच्या स्टेशनवरच्या पेटीत टाकलं.

होळीच्या सुमारास मी सौंसरला गेलो. लिंबाखाली एक शेतकरी काकांना सांगत होता, "सायबीणबाईले लिहा." काकांनी टोपण लावलं नाही. पोस्टमन फाटकातून आत येत होता, त्याच्याकडे त्यांचं लक्ष होतं. तो न थांबता पुढे गेला.

"मास्तर," काका हळूच म्हणाले, "हायकोर्टात अर्जाले तारीख लागाले किती दिस लागते?"