व्हर्लिनची नाडी

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, ओक्लाहोमातल्या हॅस्केट गावी, चर्चच्या आवारात उभ्या असलेल्या रक्तदानाच्या गाडीत नर्सने व्हर्लिन टॅकेट (वय ५८, ट्रॅक्टरविक्रेता) याची नाडी दोनदा मोजली आणि रक्त घेण्यास नकार दिला.

"ठोके वेडेवाकडे पडतायत, मिस्टर टॅकेट. डॉक्टरांकडे जा. आजच."

व्हर्लिनला हा अपमान वाटला. वर्षभरात पाच वेळा रक्त देऊन त्याने रक्तदात्यांना भेट मिळणारे पाच टी-शर्ट मिळवले होते. गावाला त्यात परोपकार दिसे.

आता, पुरुषाने दमणे हा आजार आहे, आणि आजार म्हटला की उपचार आलाच. वर्षभरापूर्वी टायरच्या दुकानाशेजारच्या क्लिनिकमध्ये व्हर्लिनचे टेस्टोस्टेरॉन कमी निघाले (गाडीच्या टायरमधली हवाही त्याच दिवशी कमी निघाली, ती फुकट भरून मिळाली). दर आठवड्याला मांडीत त्याचेच इंजेक्शन सुरू झाले. इंजेक्शनने रक्त दाट होते. दाट झालेले रक्त अधूनमधून काढावे लागते. आणि काढायचेच आहे तर दान केलेले काय वाईट? हॅस्केटमधले एक्केचाळीस टक्के रक्तदाते याच वाटेने पुण्यवान झाले आहेत (उरलेल्यांना नुसतेच रक्तदान करायचे असते).

हृदयाचे काय, हे व्हर्लिनने पहिल्याच दिवशी विचारले होते, कारण त्याच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे. क्लिनिकच्या मॅनेजरने एका मोठ्या अभ्यासाचा दाखला दिला. हजारो पुरुष, काहींना औषधाचे जेल, काहींना नुसतेच जेल, हृदयविकाराचे झटके दोन्हीकडे जवळपास सारखे. म्हणजे हे औषध काहीच न देण्याइतके निर्धोक ठरले. याहून खणखणीत प्रमाणपत्र कोणत्या औषधाला मिळाले असेल? औषध घेणाऱ्यांत ठोके बिघडण्याचे प्रमाण थोडे जास्त होते, हेही अहवालात होते. पण ते पुढच्या पानावर होते, आणि मॅनेजरला पुढचा पेशंट होता.

"आता तरी बंद कर ते इंजेक्शन," बायको नडीन म्हणाली.

"बंद केलं तर पुन्हा दुपारी चार वाजता खुर्चीत झोपायला लागेन."

"झोप की! झोपलेल्या माणसाला उठवता तरी येतं."

"क्लिनिकवाले म्हणाले, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा."

"आणि डॉक्टर काय म्हणाले?"

"क्लिनिकला विचारा."

हृदयाच्या डॉक्टरांनी त्याच्या छातीवर चौदा दिवसांसाठी ठोके नोंदणारे यंत्र चिकटवले आहे. आज दहावा दिवस. अहवाल आलेला नाही आणि या आठवड्याचे इंजेक्शन घ्यायचे की नाही, हे ठरलेले नाही. दरम्यान गावातले सतरा पुरुष विचारपूस करायला त्याच्या ट्रॅक्टरच्या दुकानात येऊन गेले. नाडीबद्दल एकानेही विचारले नाही. सतराही जणांनी दार लोटून, आवाज खाली आणून एवढेच विचारले, "ते ठीक आहे रे, पण इंजेक्शनने फरक पडला का?"

हा प्रश्न वाचकांपैकी ज्यांच्या मनात या सतरा जणांच्याही आधी आला, त्यांनी रक्तातले टेस्टोस्टेरॉन तपासायला सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी जावे.